पळस केव्हा फुलला? तारीख लिहा



"यंदा पळस होळीच्या आधीच फुलला," असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. ऊन वाढल्यामुळे झाडांचा हंगाम पुढे सरकला काय, असा प्रश्न त्यातून निघतो. प्रश्न चांगला आहे, पण आमच्या मते होळी हे त्याचे माप नव्हे. आपले सण चंद्राच्या तिथीवर चालतात. धुळवड २०२४ साली २५ मार्चला होती, २०२५ साली १४ मार्चला. पळस दोन्ही वर्षी २० मार्चला फुलला असता, तरी एकदा होळीच्या आधी आणि एकदा नंतर फुलला असेच वाटले असते!

केरळचा विषू सण सूर्यावर चालतो, म्हणून तो दरवर्षी एप्रिलच्या मध्यालाच येतो. त्याच्या पूजेला बहाव्याची फुले लागतात. 'सीझनवॉच' या उपक्रमात शाळेची मुले दर आठवड्याला आपले झाड पाहून नोंद करतात. बहावा विषूच्या कितीतरी आधी फुलतो, हे त्या नोंदींत दिसते. जपानमधील क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी सुमारे १२०० वर्षांच्या आहेत. तेथे २०२१ साली बहर २६ मार्चला आला. तोवर इतका लवकर कधी आला नव्हता.

असे का होते? रोपाची वाढ दिवसांवर नव्हे, तर मिळालेल्या उष्णतेच्या बेरजेवर चालते. ऊब वाढली की बेरीज लवकर पुरी होते. लवकर पिकले तर बरेच की, असे वाटेल. पण दाणा भरायला दिवस कमी पडतात. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. आपल्या हरभऱ्यालाही फुलोऱ्यात ३५ अंशांवरचे ऊन सोसत नाही. फुले गळतात, घाटे कमी धरतात.

अर्थात सर्वच काही उष्णतेवर नसते. काही झाडे दिवसाची लांबी ओळखतात, आणि आपली कापसाची पेरणी तर पावसाचीच वाट पाहते. म्हणून आपल्या मोहाचे, पळसाचे काय होत आहे, हे क्योटोवरून सांगता येणार नाही. मोहफुले वेचणाऱ्या घरांना तर त्याची आधी गरज आहे.

तेव्हा प्रत्येकाने एक झाड निवडावे. पहिली कळी, पहिले फूल आणि नवी पालवी दिसल्याची इंग्रजी तारीख वहीत लिहावी. दरवर्षी तेच झाड पाहावे, कारण शेजारच्या दोन पळसांतही फरक असतो. दहावीनंतर गाव सोडाल, तेव्हा वही धाकट्या भावंडाकडे द्यावी.