'ॲब्स्कॉन्ड' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : राजीनामा न देता नोकरी सोडली, तर कंपनीच्या पत्रात माझ्या नावापुढे 'ॲब्स्कॉन्डिंग'! मी तर घरीच आहे. – एक वाचक, उत्तन

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. हे क्रियापद लॅटिन 'अब्स्कोन्देरे'पासून आलं. म्हणजे दूर नेऊन दडवणं. उत्तनवर एकेकाळी अंमल असलेल्या पोर्तुगीजांचं 'इश्कोन्देर', म्हणजे लपवणं, हेही त्याच मुळाचं. इंग्रजीत मात्र अटक किंवा जबाबदारी चुकवून गुपचूप पसार होणं, हा अर्थ रूढ झाला. न्यायालय फरारी घोषित करतं ते वॉरंट निघाल्यावर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली. कंपन्यांच्या भाषेत त्याचा अर्थ न कळवता गैरहजर, एवढाच. त्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही. लेखी खुलासा पाठवा, पोच जपून ठेवा.