फी कमी, मग पदवी स्वस्त का नाही?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तिला बी.एस्सी. करायची आहे आणि तीही पुण्यात. विद्यापीठाशी संलग्न अनुदानित कॉलेजची फी आम्हाला झेपण्यासारखी आहे. पण माझे दीर म्हणतात, पदवीत घातलेले पैसे परत येत नाहीत. तिला नोकरीला लावा आणि पैसे एफडीत ठेवा. शेजारी म्हणतात, खासगी विद्यापीठात घाला, प्लेसमेंट मिळेल. फी इतकी कमी असूनही सरकारी विद्यापीठाची पदवी परवडते की नाही, असा प्रश्न पडावाच का? आणि हिशेब मांडायचा तर कसा मांडायचा?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : प्रश्न पडायलाच हवा, कारण सरकारी विद्यापीठाच्या पदवीत फी ही सर्वांत लहान रक्कम असते. मोठी रक्कम असते राहण्या-जेवणाची आणि त्याहून मोठी, मुलीच्या तीन वर्षांची. आपण हिशेबाला बसतो तेव्हा पहिली रक्कम लिहितो, दुसरी अंदाजाने धरतो आणि तिसरी विसरतो. तुमच्या दिरांच्या मनात ही तिसरी रक्कम आहे, म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका.

कागदावर मांडू. आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. फी वर्षाला १५,००० रुपये. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस मिळून महिना ८,००० धरले, तर दहा महिन्यांचे ८०,०००. पुस्तकं आणि एसटी १०,०००. यातून २०,००० वजा करा, कारण मुलगी घरी असती तरी जेवलीच असती. म्हणजे वर्षाचा वाढीव खर्च ८५,००० आणि तीन वर्षांचा २,५५,००० रुपये. आता विसरली जाणारी रक्कम. बारावीवर तिला महिना १२,००० ची नोकरी मिळाली असती असं धरलं, तर तीन वर्षांत ४,३२,००० रुपये हातचे गेले. एकूण ६,८७,०००. त्यात तिन्ही वर्षांची फी फक्त ४५,००० आहे, म्हणजे जेमतेम साडेसहा टक्के.

आता परतावा. पदवीनंतर तिची कमाई बारावीवाल्या नोकरीपेक्षा महिना ६,००० नी जास्त राहिली, तर वर्षाला ७२,००० वाढीव येतात आणि घातलेली रक्कम साधारण साडेनऊ वर्षांत भरून निघते. हा फरक पुढे वाढलाच नाही आणि ती पस्तीस वर्षं कमावती राहिली, तरी गुंतवणुकीवर वर्षाला सुमारे नऊ टक्के सुटतात. एफडी सहसा इतकं देत नाही. पण हाच फरक ३,००० वर आला, तर परतावा साडेतीन टक्क्यांवर घसरतो आणि मग दिरांची एफडी जिंकते. थोडक्यात, सगळा निकाल या एका फरकावर आहे, आणि तो फक्त विद्यापीठाच्या नावावर ठरत नाही. विषय कोणता, त्यात मुलीने हातात काय कमावलं, पदवीनंतर पुढची वाट कोणती, यावर ठरतो. आपल्याकडे पदवीधरांमधलं बेकारीचं प्रमाण कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे केंद्र सरकारची श्रमबल पाहणी सातत्याने दाखवते. पदवी आपोआप नोकरी देत नाही, हे धरूनच पुढे जायला हवं.

मग पदवी नेमकं काय देते? अर्थशास्त्रात याची दोन उत्तरं आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहिलं : शिक्षणाने माणसाची काम करण्याची ताकद वाढते, म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू मांडली : माणूस किती कामाचा आहे हे मालकाला आधी कळत नाही, पदवी त्याला तशी खूण देते. दोन्ही खरं आहे. प्रयोगशाळेत हात बसला, आकडेवारी हाताळता आली, संगणकाची एखादी भाषा नीट आली, तर पहिल्या प्रकारचा परतावा मिळतो. एमपीएससीची राज्यसेवा, बँकांतल्या अधिकारीपदाच्या परीक्षा, बी.एड., एम.एस्सी. यांची दारं मात्र पदवीशिवाय उघडतच नाहीत. तिथे मान्यताप्राप्त पदवी लागते. ती घेताना फी किती भरली हे कुणी विचारत नाही. मात्र स्पर्धा परीक्षांच्या तयारीत जाणारी वर्षंही याच हिशेबात लिहा. वर्षांची किंमत पदवीनंतर संपत नाही.

वर्षांवरून सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. वरच्या हिशेबात एका वर्षाची खरी किंमत २,२९,००० रुपये आहे. म्हणजे मुलीचं एक ‘इयर डाऊन’ झालं, तर तिन्ही वर्षांच्या फीच्या पाचपट नुकसान होतं आणि पैसे भरून निघायला साडेनऊऐवजी जवळजवळ पावणेतेरा वर्षं लागतात. सरकारी कॉलेजात फी कमी म्हणून एटीकेटीकडे, गॅपकडे, मध्येच विषय बदलण्याकडे ‘चालतंय, पुढच्या वर्षी बघू’ अशा नजरेने पाहिलं जातं. या सवयीने अनेक हुशार मुलांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते : फीच्या पावतीपेक्षा निकालाच्या तारखेकडे जास्त लक्ष द्या.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. खासगी विद्यापीठाची फी वर्षाला १,२०,००० धरली आणि राहण्याचा खर्च तोच, तर एकूण रक्कम १०,०२,००० होते. ती तितक्याच वर्षांत भरून निघायची तर तिथल्या पदवीने सरकारी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा महिना आणखी पावणेतीन हजार मिळवून द्यायला हवेत, आणि तेही सुरुवातीला वर्षभर नव्हे, सतत. तशी खात्री असेल तर जरूर जावं. ती खात्री जाहिरातीतल्या सर्वांत मोठ्या ‘पॅकेज’वरून करू नका. बॅचमध्ये किती मुलं होती, त्यांतली किती नोकरीला लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, हे विचारा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना पगाराचा हा मधला आकडा द्यावाच लागतो; तो विषयवार मिळाला तर आणखी चांगलं.

एक तिसरी वाटही तपासा, ती तुमच्या घरापासून जवळ आहे. सार्वजनिक विद्यापीठाची पदवी बहुतेक मुलांना संलग्न महाविद्यालयांतूनच मिळते. बार्शीतली महाविद्यालयं सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाकडे आहेत, आणि तिथली पदवीही तितकीच सार्वजनिक विद्यापीठाची आहे. घरी राहून शिकली आणि फी तेवढीच धरली, तर एकूण रक्कम ५,०७,००० वर येते आणि पैसे सात वर्षांत भरून निघतात. वाचलेल्या १,८०,००० रुपयांत पुढे पुण्यात एम.एस्सी.ची दोन वर्षं राहण्या-जेवणासह निघू शकतात. पुण्याने बार्शीपेक्षा महिना निदान दोन-सव्वादोन हजार जास्त मिळवून दिले, तरच तीन वर्षांचा पुण्याचा खर्च पैशांच्या हिशेबात बसतो. चांगली प्रयोगशाळा, शिकवणारे प्राध्यापक, सुट्टीत काम मिळण्याची सोय यांतून ते होऊ शकतं. पण ते कॉलेजात जाऊन, शेवटच्या वर्षातल्या मुलींशी बोलून पाहा.

राहण्या-जेवणाचा अडसर फीपेक्षा मोठा असतो, हे आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात मुलांना राहायला जागा दिली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दिला. आजही ही मदत आहे, फक्त मागावी लागते. विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. प्रवर्ग, उत्पन्न आणि अभ्यासक्रम यांच्या अटी नीट वाचा, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

मुलीचा विचार अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे वळला, तर हिशेब आणखी बदलतो. २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची अशा अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर विचार करताना ही अट पुढ्यात ठेवा.

कर्ज घ्यावंच लागलं, तर पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत बसणारी संस्था आहे का ते पाहा. तिथे ठरावीक अटींवर आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाचा काळ आणि त्यापुढचं एक वर्ष यासाठी व्याजात तीन टक्के सवलत मिळते. पण अनुदानित कॉलेजातल्या बी.एस्सी.साठी मोठं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या पदवीचं बळच हे आहे की ती घेऊन मुलगी बिनकर्जाची बाहेर पडते. हप्ता डोक्यावर नसला, तर पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागत नाही, एम.एस्सी. करता येते, बी.एड. करता येतं, चांगल्या संधीसाठी सहा महिने थांबता येतं.

म्हणून माझा सल्ला असा : मुलीला बी.एस्सी. जरूर करू द्या. विषय तिच्या आवडीचा आणि पुढे वाट असलेला निवडा. पुणे की बार्शी हे कॉलेज पाहून ठरवा, शहर पाहून नव्हे. तीन वर्षांत पदवी पूर्ण करायची, हा तुम्हा दोघींमधला करार असू द्या. आणि हिशेबाचा कागद तिलाच लिहायला बसवा. त्यातली सर्वांत मोठी रक्कम तिच्या वर्षांची आहे, तेव्हा ती कशी खर्च करायची हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचाच आहे.