तक्रारीतून सामाईक उद्दिष्टाकडे

पाणीवाटपाच्या बैठका पुष्कळदा तक्रारींनी सुरू होतात व तक्रारींतच संपतात. खालचा शेतकरी वरच्यास दोष देतो, वरचा पाटकऱ्यास देतो, आणि चारीच्या शेवटचे शेत कोरडेच राहते.

नाशिक रोडच्या उत्तरेस असलेल्या ओझर येथील अनुभव याबाबतीत अभ्यासनीय आहे. ओझरची शेती वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडे येते. त्यामुळे पाणी पुरेसे पोहोचत नसे. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र बसविले आणि पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावे, आपसांत वाटावे व पट्टी आपणच गोळा करावी, असे उद्दिष्ट ठरले. पुढे वरच्या भागातील शेतकरीही ह्या कार्यात सामील झाले. शेतकऱ्यांकडे सिंचन व्यवस्थापन सोपविणारा कायदा महाराष्ट्रात २००५ साली झाला; ओझरचे काम त्यापूर्वीचे होय.

नाशिक रोडजवळील चेहेडी, पळसे अशा दारणाकाठच्या गावांतही पुढील पद्धतीने बैठक घेता येईल.

१. प्रत्येकाची अडचण फळ्यावर लिहावी. शेवटच्या शेतकऱ्यास प्रथम बोलू द्यावे. व्यक्तीचे नाव लिहू नये.

२. उपाय म्हणजे अडचण नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ‘नवी चारी नाही’ ही अडचण नसून मनात ठरविलेला उपाय आहे. ‘पाणी शेवटापर्यंत पोहोचत नाही’ ही खरी अडचण होय.

३. अडचणीचे कारण शोधावे. चारीत गाळ आहे, की दारे फुटली आहेत, की पाळी ठरलेली नाही, हे सर्वांनी चारीवर जाऊन पाहावे.

४. नंतर प्रत्येक वाक्य उलटवावे : ‘ठरलेल्या दिवशी, ठरलेले तास, शेवटच्या शेतास पाणी मिळते.’ हेच सर्वांचे उद्दिष्ट.

५. कोणी, काय व केव्हा करावयाचे, ते तेथेच लिहून वाचून दाखवावे. पुढील आवर्तनानंतर त्याची तपासणी करावी.

बैठक चालविणाऱ्याने न्यायनिवाडा करू नये. प्रश्न विचारावेत व सर्वांस बोलते करावे. स्वतः ठरविलेला नियम माणूस सहसा मोडीत नाही. चारी एक असेल, तर तिच्या शेवटच्या शेताचे कोरडेपण हे साऱ्या गावाचे काम समजले पाहिजे.