दंड बारीक, मग ताकद कुठली?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी वर्षभर जिम्नॅस्टिक्सला जाते. दंड अगदी काडीसारखे, पण हातांवर उलटी उभी राहते. मी जिमला जातो, मला ते जमत नाही. ही ताकद येते कुठून? घरी काय करून घ्यावे?
– एक पालक, नेरुळ

उत्तर : दंडात शोधाल तर सापडणार नाही. वयात येण्यापूर्वी सरावाने ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. स्नायू फारसे जाड होत नाहीत; मेंदू त्यांतले अधिक तंतू एकदम कामाला लावायला शिकतो. कोणत्या स्नायूने कधी ढिले पडायचे, हेही शिकतो. म्हणून या खेळात ताकद आणि ताळमेळ यांची शिकवणी वेगळी नसते. शिवाय मापही तिच्या बाजूने आहे. त्याच बांध्याचे शरीर दुप्पट उंच झाले, तर स्नायूंचा छेद चौपट होतो आणि वजन आठपट. तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

ताकद आणि ताळमेळ यांच्या या जोडीचा उत्तम नमुना आपल्याच मातीत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने रुजवला, तो कुस्तीगिरांच्या तयारीसाठी. एरंडेल चोळलेल्या खांबावर हात सोडले, की उलट्या लटकलेल्या शरीराचा भार मांड्यांच्या पकडीवर येतो. पोट-पाठ जराही सैल पडली की पकड निसटते. पुरलेला खांब निदान स्थिर असतो. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर धरायचा, आणि तो दोर तुमच्या प्रत्येक हालचालीबरोबर झुलतो. तोल एकदा साधला असे होतच नाही, तो क्षणोक्षणी सावरावा लागतो. दादरला शिवाजी पार्कजवळ श्री समर्थ व्यायाम मंदिरात हे पाहता येईल; तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. नेरुळहून कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल, पण मुलीला एकदा न्याच.

घरी मात्र दोर टांगू नका. हातांवर उभे राहण्याचा सराव पोट भिंतीकडे करून घ्या, तुम्ही शेजारी थांबून. पाठ भिंतीकडे असली, की मुले कमरेत वाकून पाय भिंतीला टेकवतात आणि तीच सवय लागते. जमिनीवर उताणे झोपून, कंबर जमिनीला चिकटवून, खांदे आणि पाय थोडे उचलून धरणे हा साधा दिसणारा व्यायाम तर रोज हवा. हवेत गिरकी घेताना शरीर एकसंध ठेवण्याची तयारी तिथेच होते. एका पायावर डोळे मिटून उभे राहणेही चांगले, कारण नजरेचा आधार गेला की कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय आणि घोट्यातल्या संवेदना यांच्यावर काम पडते.

हे सगळे ताजेतवाने असताना, थोडा वेळ. दमल्यावर केलेला सराव चुकीची हालचाल पक्की करतो. आणि मनगटाकडे लक्ष असू द्या. या वयात तिथल्या हाडांची वाढ व्हायची असते आणि जिम्नॅस्टिक्समध्ये सारा भार त्यांच्यावर येतो. मनगट दुखते म्हणाली तर उलटे उभे राहणे थांबवा. दुखणे थांबले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, स्पर्धा तोंडावर असली तरी.