दुधातील स्निग्धांश आणि कोठीपोटातील जिवाणू

दूध संकलन केंद्रावर मिळणाऱ्या पावतीवरील दोन आकड्यांवर दुधाचा दर ठरतो. फॅट म्हणजे दुधातील स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घनपदार्थ. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सामान्यतः 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून काढला जातो. आमच्या वसतिगृहातील कित्येक विद्यार्थ्यांच्या घरचा संसार याच पावतीवर चालतो. अशा एखाद्या घरी आठ-दहा दिवसांत फॅट 4 वरून 2.8 वर येते. दूध तेवढेच असते, गायही आजारी दिसत नाही. मग दुधात पाणी घातल्याचा संशय घेतला जातो आणि कष्टाळू माणसाला चारचौघांत मान खाली घालावी लागते. परंतु कोणतेही कार्य कारणावाचून घडत नाही. या घटीचे कारण पुष्कळदा गाईच्या पोटात असते.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोठीपोट सर्वांत मोठे असून मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक पदार्थ मावतो. तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तापमान सुमारे 39 अंश सेल्सिअस असते. त्यातील एका मिलिलिटर द्रवात एक हजार कोटी वा त्याहून अधिक जिवाणू नांदतात. प्राणवायूवाचून जगणारे हे जीव प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी विकसित केली आणि त्यामुळे या अदृश्य सृष्टीचा पद्धतशीर अभ्यास शक्य झाला.

कडब्यातील सेल्युलोज पचविणारे पाचकद्रव्य गाय स्वतः निर्माण करू शकत नाही. ते काम फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकोकस यांसारखे जिवाणू करतात. त्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होऊन रक्तात मिसळतात. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज तयार होते आणि पुढे कासेत दुधातील साखर बनते. अ‍ॅसिटिक व ब्युटिरिक आम्लांपासून कास स्निग्धाम्ले घडविते. दुधातील जवळजवळ निम्मी स्निग्धाम्ले अशी कासेत घडतात. उरलेली रक्तातून तयार स्वरूपात येतात.

वैरण कमी आणि भरडा अधिक झाला की कोठीपोटातील मेळ बिघडतो. पिष्टमय पदार्थ झपाट्याने आंबतात, आम्लता वाढते आणि तंतू पचविणारे जिवाणू मागे पडतात. गाय रवंथही कमी करते. रवंथाबरोबर येणारी लाळ आम्लता शमविते. तीच घटल्यामुळे बिघाड आणखी वाढतो.

अशा आहाराने फॅट घटते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अ‍ॅसिटिक आम्ल कमी पडत असावे, असा तर्क प्रथम करण्यात आला. परंतु ते बाहेरून पुरवूनही फॅट पुरेसे सावरले नाही. खरा उलगडा पुढे झाला. चाऱ्यातील व पेंडीतील तेलात लिनोलेइक आम्ल असते. जिवाणू त्याचे टप्प्याटप्प्याने रूपांतर करतात. आम्लता वाढली किंवा आहारात तेल जास्त झाले, की हे रूपांतर वेगळ्या वाटेने जाते आणि ट्रान्स-10, सिस-12 संयुग्मी लिनोलेइक आम्ल निर्माण होते. कॉर्नेल विद्यापीठातील डेल बाउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे आम्ल गाईंच्या चौथ्या कप्प्यात दररोज केवळ 10 ग्रॅम, असे चार दिवस सोडले. तेवढ्याने दुधातील स्निग्धांश चाळीस टक्क्यांहून अधिक घटला. कासेतील स्निग्धांश घडविण्याचे काम हे द्रव्य मंदावते. दुधाची साखर व प्रथिने यांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. म्हणून दूध तेवढेच राहते आणि फॅट मात्र उतरते.

पावती वाचताना हाच भेद उपयोगी पडतो. दुधात पाणी मिसळले तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. कोठीपोट बिघडले असेल तर फॅट घसरते, परंतु एसएनएफ बहुधा जागेवर राहतो. साय काढलेल्या दुधातही असेच दिसते. त्यामुळे केवळ आकड्यावरून कोणालाही दोषी वा निर्दोष ठरवू नये. नमुना घेण्याची रीतही तपासावी. धारेच्या आरंभीच्या दुधात फॅट कमी आणि शेवटच्या दुधात अधिक असते. म्हणून सर्व दूध नीट ढवळूनच नमुना घ्यावा. गाईची जात, वेताचा काळ आणि ऋतू यांचाही परिणाम होतो.

त्यानंतर गव्हाणीकडे पाहावे. वैरण पुरेशी आहे काय? कुट्टी भुशासारखी बारीक झाली आहे काय? भरडा एकदम वाढविला काय? सरकीसारख्या तेलयुक्त पदार्थांचे प्रमाण जास्त झाले काय? निवांत बसलेल्या गाई रवंथ करीत आहेत काय? दोष आढळल्यास लांब तंतूंची वैरण वाढवावी, खुराक दिवसातून अनेक वेळा विभागून द्यावा आणि आहारातील प्रत्येक बदल हळूहळू करावा. खाण्याच्या सोड्याचे प्रमाण पशुवैद्यकास विचारूनच ठरवावे. जिवाणूंची घडी पुन्हा बसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नये.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरी जाताना हा पाठ सोबत न्यावा. महिन्याभराच्या पावत्या तारखेप्रमाणे लावाव्यात आणि त्या-त्या दिवशी गाईला काय घातले होते, ते शेजारी लिहावे. केंद्रावर संशय घेतला गेला, तर ती वही शांतपणे पुढे ठेवावी. कारण शोधल्यावाचून दोष देऊ नये, ही शिकवण गोठ्यातही तितकीच लागू पडते.