ओल्या रानात आणि पहाटेच्या थंडीत टायर



बेणे, खत, पाणी यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस टायरविषयी लिहीत आहोत, कारण तोडलेला ऊस वेळेत काट्यावर न आल्यास वजनात घट येते आणि नुकसान सभासदाचेच होते.

परतीचा पाऊस लांबला की आपली काळी जमीन चिकट होते. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद असल्याने अशा रानात रुतते. टायरगाडीचे ओझे रुंद जागेवर पसरते, म्हणून ती कमी रुतते व बैलांना ओढायला हलकी जाते. पण उतारावर तीच गाडी बैलांच्या अंगावर येते. म्हणून ओल्या उतारावर भर कमी ठेवावा.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच तिरप्या पट्ट्या असतात. त्या चिखलात रुतून जमीन धरतात आणि चाक फिरताना चिखल बाहेर फेकतात. टायर बसवताना वरून पाहिल्यास पट्ट्यांच्या बाणाचे टोक पुढे हवे. उलटा बसवला की खाचा चिखलाने भरतात आणि चाक जागीच फिरते. या टायरात पाणी भरल्याने वजन वाढून पकड सुधारते. थंड देशांत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही.

खरी काळजी ट्रॉलीची. ट्रकचे झिजून गोटा झालेले टायर ट्रॉलीला चढवायचे, ही आपली जुनी खोड. कोरड्या दिवसांत ते चालून जातात. पण ओल्या डांबरावर पाणी बाहेर काढायला खाचाच नसतात. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. एका हंगामात आमच्या डोळ्यांदेखत अशी ट्रॉली आडवी झाली. माणूस वाचला, ऊस मात्र रस्त्यावर पसरला. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी असा नियम आहे. मग टनावारी ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला गोटा टायर कसा चालेल?

थंडीत हवा आकसते. दुपारी ३० अंशांत ट्रॉलीच्या टायरात ६० पौंड हवा भरली, तर पहाटे १२ अंशांत ती चार-साडेचार पौंड कमी दाखवते. म्हणून हवा सकाळी, चाक गार असताना तपासावी. दुपारी तापल्यावर हवा जास्त दिसली म्हणून काढून टाकू नये. कमी हवेवर भरलेली ट्रॉली पळवली की टायरच्या बाजू तापतात, आणि टायर नेमका वाटेत फुटतो.

आणखी एक. रानातून निघालेली ट्रॉली कडा-आष्टी डांबरी रस्त्यावर चढवण्याआधी चाकांचा चिखल खोऱ्याने काढावा. तो रस्त्यावर पडला की मागून येणारा मोटारसायकलवाला घसरतो. पाच मिनिटांचे काम आहे. ड्रायव्हरला जमत नसेल, तर तोडीच्या फडावर हजर असलेल्या सभासदाने ते स्वतः करून घ्यावे.