खेळ अर्ध्यावर का थांबला?

४ मार्च १९९०. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या क्रीडागृहात बास्केटबॉलचा उपांत्य सामना रंगात आला होता. यजमान संघाचा हँक गॅदर्स हवेत उंच उडाला, सहकाऱ्याने फेकलेला चेंडू त्याने वरच्यावर झेलला आणि जोराने टोपलीत घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. काही क्षणांतच गॅदर्स कोसळला. उठण्याची त्याने धडपड केली, पण त्याला उठता आले नाही. त्याच संध्याकाळी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय होते अवघे २३ वर्षे.

हा खेळाडू सामान्य नव्हता. १९८८-८९ च्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी ३२.७ गुण मिळवले होते आणि टोपलीवर आपटून परत येणारा चेंडू सरासरी १३.७ वेळा हस्तगत केला होता. या दोन्ही बाबतींत त्या वर्षी अमेरिकेच्या अव्वल श्रेणीच्या विद्यापीठ स्पर्धांत तो पहिला होता. आणखी काही महिन्यांत तो व्यावसायिक संघात जाणार, अशी सर्वांची अपेक्षा होती.

उजव्या हाताने खेळणारा गॅदर्स फ्री थ्रो मात्र डाव्या हाताने टाकू लागला होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याचा जुना सोबती बो किंबल याने सामन्यातील आपला पहिला फ्री थ्रो मित्राच्या आठवणीखातर डाव्या हाताने टाकला. त्या संघाने देशातील शेवटच्या आठ संघांत स्थान मिळवले.

इतका बळकट तरुण असा अचानक कसा कोसळतो? आणि असे मृत्यू टाळता येतात का? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण शोधू.

हृदयाचा ठेका

आपले हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. वरचे दोन कप्पे अलिंद आणि खालचे दोन निलय. शरीरभर रक्त ढकलण्याचे मुख्य काम डाव्या निलयाचे. पंप चालतो तो विजेच्या सूक्ष्म संकेतावर. उजव्या अलिंदातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून हा संकेत निघतो, ठरलेल्या वाटेने निलयांपर्यंत पोहोचतो आणि लाखो स्नायुपेशी एकदम आकुंचन पावतात. हाच हृदयाचा ठोका.

विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप करते. कसलेल्या खेळाडूच्या बाबतीत भर शर्यतीत हाच आकडा २५ ते ३० लिटरपर्यंत जातो. त्यासाठी ठोक्यांची गती वाढते. आता थोडे गणित करा. मिनिटाला ६० ठोके असतील, तर प्रत्येक ठोक्याला १ सेकंद मिळतो. १८० ठोके झाले की मिळतो एक तृतीयांश सेकंद. तेवढ्यातच निलयाने सैल व्हायचे, रक्ताने भरायचे आणि पुन्हा आवळायचे. निरोगी हृदय हे काम सहज करते. ज्या हृदयात दोष आहे, त्याची खरी परीक्षा नेमकी याच वेळी होते.

जाड झालेली भिंत

गॅदर्सच्या शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा विकार आढळला. अशा विकारांचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील एक प्रसिद्ध प्रकार म्हणजे हृदयस्नायूची अतिवृद्धी. तो सुमारे ५०० माणसांत एकाला असतो.

डाव्या निलयाची भिंत साधारणपणे ११ ते १२ मिलिमीटरपर्यंत जाड असते. या विकारात ती १५ मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड होते. भिंत जाड झाली म्हणजे पंप जोरदार झाला, असे आपल्याला वाटेल. पण घडते उलटेच. जाड भिंत ताठर असते, आतली जागा कमी होते आणि मिळालेल्या अल्प वेळात निलय पुरेसा भरत नाही.

व्यायामानेही हृदय मोठे होते, पण ते वेगळे. खेळाडूच्या निरोगी हृदयात भिंतीबरोबर आतला कप्पाही मोठा होतो. म्हणूनच विश्रांतीत त्याला मिनिटाला ४०-५० ठोकेसुद्धा पुरतात. काही महिने सराव थांबवला, की हा फरक बराचसा ओसरतो. १३ ते १५ मिलिमीटरच्या सीमेवर मात्र तज्ज्ञांनाही निर्णय अवघड जातो.

हा विकार बहुधा आनुवंशिक असतो. स्नायूतील प्रथिने घडवणाऱ्या जनुकांत बिघाड असतो, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. भारतीयांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका संशोधनातून २००९ साली असे दिसून आले, की दक्षिण आशियातील १०० पैकी सुमारे ४ लोकांत हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. अशा प्रत्येकाला विकार होतोच असे नाही, आणि झाला तरी तो बहुधा उतारवयात दिसतो. पण धोका वाढतो.

लेझीम बिघडते तेव्हा

जाड भिंतीपेक्षाही मोठा धोका असतो तो संकेताच्या गोंधळाचा. या विकारात स्नायूंचे तंतू रांगेत न राहता वेडेवाकडे गुंफलेले असतात. संकेत सरळ पुढे न जाता भलतीकडे वळतो, फिरून मागे येतो.

शाळेच्या मैदानावरील लेझीम डोळ्यांपुढे आणा. हलगीचा ठेका पडतो आणि शंभर मुलांच्या लेझमी एकाच वेळी वाजतात. समजा, प्रत्येक जण आपापल्या मनाच्या ठेक्याने लेझीम वाजवू लागला. हालचाल सगळेच करतील, पण लेझीम राहणार नाही. निलयांचे असेच झाले, की ते आवळण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त पुढे सरकतच नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

अशा वेळी उपाय कोणता? कवायतीचे शिक्षक काय करतात? जोरात शिट्टी फुंकून सर्वांना थांबवतात आणि मग हलगी नव्याने सुरू करतात. डीफिब्रिलेटर नावाचे यंत्र हेच करते. छातीतून विजेचा एक झटका देऊन ते साऱ्या पेशींना क्षणभर थांबवते. मग हृदयाचा मूळ ठेका पुन्हा सुरू होण्याची संधी मिळते.

पण ही शिट्टी वेळेवर वाजायला हवी. काहीच मदत न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी काय उरते, याचा हिशेब तुम्हीच करा.

तीन मैदाने, तीन शेवट

२६ जून २००३ रोजी फ्रान्समधील ल्योन येथे कॅमेरून आणि कोलंबिया यांच्यात फुटबॉलचा सामना चालू होता. ७२ व्या मिनिटाला कॅमेरूनचा २८ वर्षांचा मार्क-व्हिव्हियन फोए मैदानाच्या मध्यभागी कोसळला. जवळ कोणी नव्हते, धक्का लागला नव्हता. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले. सुमारे ४५ मिनिटे प्रयत्न झाले, पण व्यर्थ. शवविच्छेदनात हृदयस्नायूची अतिवृद्धी आढळली. साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या या प्रसंगाने क्रीडासंघटना खडबडून जाग्या झाल्या. २००६ च्या विश्वचषकापासून स्पर्धेपूर्वी खेळाडूंची हृदयतपासणी होऊ लागली.

१७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये बोल्टन संघाचा २३ वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा असाच कोसळला. या वेळी मैदानावरच छाती दाबणे सुरू झाले, यंत्राचे झटकेही तिथेच दिले गेले. प्रेक्षकांत बसलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. अँड्र्यू डीनर धावून आले. एकूण १५ झटके द्यावे लागले. तब्बल ७८ मिनिटे हृदय स्वतःहून चालले नाही. तरीही मुआम्बा वाचला, आणि शुद्धीवर येऊन बोलूही लागला. कारण मधल्या काळात छाती दाबणारे हात त्याच्या हृदयाचे काम करत होते. थोडे का होईना, रक्त मेंदूला पोहोचत होते. त्याचा खेळ मात्र संपला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने निवृत्ती पत्करली.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळला. सहकारी क्षणात धावले, डॉक्टर लगेच पोहोचले, छाती दाबण्यात आली आणि एका झटक्यात हृदय पुन्हा चालू झाले. पुढे त्याच्या शरीरात छोटे डीफिब्रिलेटर बसवण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला.

तिन्ही हृदये एकसारखी नव्हती, त्यामुळे फोए हमखास वाचला असता असे म्हणता येणार नाही. पण पहिल्या काही मिनिटांत काय होते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, हे या प्रसंगांवरून स्पष्ट दिसते.

आधी ओळखता येईल का?

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. तिच्यात हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ई.सी.जी., काढतात. तेथील व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण १९७९-८० मध्ये दर लाखात वर्षाला ३.६ होते; ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. सर्वच देशांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही. ई.सी.जी.मध्ये कधी निरोगी मुलावर संशय येतो आणि त्याचा खेळ विनाकारण बंद पडतो. कधी खरा दोषही निसटतो. एरिक्सनच्या आधीच्या तपासण्यांत दोष दिसला नव्हता.

तपासणीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीराने दिलेली सूचना. गॅदर्सला ती मिळाली होती. मृत्यूच्या तीन महिने आधी, ९ डिसेंबर १९८९ रोजी, एका सामन्यात फ्री थ्रो टाकण्याच्या वेळी तो कोसळला होता. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे निदान झाले आणि हृदयाची गती आवरणारे औषध सुरू झाले. पण गती आवरली, की वेगवान खेळात माणूस मंद पडतो. औषधाने आपला खेळ उतरतो, असे त्याला वाटे. पुढे मात्रा कमी करण्यात आली. ज्याचे सारे भवितव्य खेळावर उभे आहे, त्याला "थांब" म्हणणे आणि त्याने ते ऐकणे, दोन्ही किती कठीण असते, याची यावरून कल्पना येईल.

तुमच्या शाळेच्या मैदानावर

प्रार्थनेच्या वेळी उन्हात ताटकळून एखाद्याला चक्कर येते. पायांत रक्त साचून रक्तदाब उतरतो, म्हणून हे घडते. ते बहुधा गंभीर नसते. पण धावता धावता, खेळता खेळता शुद्ध हरपणे ही वेगळी गोष्ट आहे. "सकाळी काही खाल्ले नसेल," असे म्हणून ती सोडून देऊ नये. शिक्षकांनी खेळाडू निवडताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत:

१. खेळताना कधी शुद्ध हरपली होती काय?
२. श्रम करताना छातीत दुखते, विनाकारण धडधडते किंवा इतरांपेक्षा फार लवकर दम लागतो काय?
३. घराण्यात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला आहे काय?

एकाही प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी होईपर्यंत त्या मुलाला स्पर्धेत उतरवू नये. विद्यार्थ्यांनीही संघातून वगळले जाण्याच्या भीतीने हे लपवू नये.

आणि कोणी कोसळलेच तर? हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते गचके येत असतील, तर हृदय थांबले आहे असे समजा. गचके म्हणजे श्वास नव्हे. येथेच अनेकांची फसगत होते. एकाने १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ ठेवून, सरळ खाली दाबावे. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असला पाहिजे. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यावर दुसऱ्याने जागा घ्यावी; मदत येईपर्यंत थांबू नये. यंत्र जवळ असेल तर ते लगेच आणावे. कोठे काय लावायचे हे यंत्रच बोलून सांगते.

करून पाहा

(१) शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. तीन मिनिटे जागेवर धावा आणि लगेच पुन्हा मोजा. नंतर दर मिनिटाला मोजून आलेख काढा. नाडी मूळ पदावर यायला किती वेळ लागला? रोज खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मित्रांचे आलेख ताडून पाहा.

(२) जमिनीवर घट्ट उशी ठेवून घड्याळ लावून दोन मिनिटे मिनिटाला ११० या वेगाने दाबण्याचा सराव करा. हात किती लवकर दुखतात ते पाहा, म्हणजे आळीपाळीने दाबणे का आवश्यक आहे ते कळेल. धडधाकट मित्राच्या छातीवर हा प्रयोग कधीही करू नका. खरे शिक्षण तज्ज्ञाकडून, पुतळ्यावरच घ्यावे. शिक्षकांनी वर्षातून एकदा त्याची व्यवस्था करावी.

गॅदर्स आणि फोए किती मोठे झाले असते, हे आता कोणालाच कळणार नाही. पण तुमच्या शाळेच्या संघातला एखादा खेळाडू मोठा होईल की नाही, हे कदाचित एखाद्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या तुमच्याच दोन हातांवर अवलंबून असेल.